अ‍ॅलर्जीची औषधं पहिल्यांदाच सुरू करताय? साइड इफेक्ट कुठले आणि सांभाळायचं काय

डॉक्टरांनी पहिल्यांदाच अ‍ॅलर्जीसाठी औषधं लिहून दिलीत, हातात एक-दोन पट्ट्या आहेत, एक नाकाचा स्प्रे आहे आणि नेमकं काय कधी घ्यायचं ते घरी येईपर्यंत निम्मं विसरायला झालंय, अशी बहुतेकांची सुरुवात असते. "अ‍ॅलर्जीची गोळी" असं आपण सरसकट म्हणतो पण अशी एकच गोळी नसते, त्या नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या प्रकारची औषधं येतात, प्रत्येकाचे साइड इफेक्ट वेगळे आणि कुठल्या दुसऱ्या औषधाशी त्याचं वाकडं आहे तेही वेगळं. म्हणून "अ‍ॅलर्जीच्या गोळीने झोप येते" आणि "अहो काही होत नाही, साधी गोळी आहे" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कुठली गोळी, हे आधी सांगा.

तर सुरुवात तिथूनच करू.

स्टेप १: ब्रँडचं नाव सोडा, खालचं बारीक नाव वाचा

पट्टीवर मोठ्या ठळक अक्षरात ब्रँड असतो आणि त्याच्या खाली किंवा मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात औषधाचं खरं नाव आणि किती एमजी ते लिहिलेलं असतं. आपल्याला ते बारीक नाव हवंय. ब्रँडच्या पुढे एखादं जास्तीचं अक्षर चिकटलेलं असेल तर बहुतेक वेळा आत आणखी एखादं औषध मिसळलेलं असतं, म्हणजे तुम्हाला वाटतं आपण एक गोळी घेतोय आणि प्रत्यक्षात तुम्ही दोन औषधं घेत असता.

पट्टीतून चार गोळ्या कापून घेतल्या की नेमका नावाचा नाहीतर एक्सपायरीचा भाग दुसऱ्या तुकड्यावर राहतो आणि घरात महिनाभराने एक निनावी चंदेरी तुकडा सापडतो ज्यात दोन पांढऱ्या गोळ्या असतात आणि कुणालाच आठवत नाही त्या कशाच्या. असल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, विषय संपला. औषध घरी आलं की पट्टीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, दहा सेकंदांचं काम आहे आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो फोटो दाखवता येतो.

बारीक नाव वाचलं की ते साधारण यातल्या कुठल्यातरी गटात बसेल. सेटिरिझिन, लिवोसेटिरिझिन, लोराटाडिन, डेसलोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, रुपाटाडिन ही नव्या पिढीची अँटिहिस्टामिन्स, म्हणजे शिंका-खाज आणणाऱ्या हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाला अडवणारी औषधं. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन ही जुन्या पिढीची. मॉन्टेलुकास्ट हे एकदम वेगळं औषध, त्याच्यावर खाली सविस्तर बोलू. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड ही नाकात मारायची स्टेरॉइड्स. ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिन हे नाक मोकळं करणारे थेंब. आणि प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन ही पोटात घ्यायची स्टेरॉइड्स. तुमचं नाव यात नसेल तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला सरळ विचारा, हे नेमकं कुठल्या गटातलं.

स्टेप २: पहिली गोळी घ्यायच्या आधी काय सांगायचं

डॉक्टर घाईत असतात, आपणही घाईत असतो, आणि "आणखी काही त्रास?" या प्रश्नाला आपण "नाही" म्हणून मोकळे होतो कारण आपल्याला वाटतं नाक गळतंय त्याचा किडनीशी काय संबंध. संबंध आहे. सेटिरिझिन आणि लिवोसेटिरिझिन मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतात, किडनीचं काम कमी झालेलं असेल तर डोस कमी करावा लागतो आणि किडनी अगदीच निकामी असेल तर लिवोसेटिरिझिन देतच नाहीत.

काचबिंदू असेल, प्रोस्टेट वाढलेलं असेल आणि लघवीला जोर लावावा लागत असेल, तर जुन्या पिढीची अँटिहिस्टामिन्स तो त्रास वाढवतात, कधी कधी लघवी पूर्ण अडकते. बीपी जास्त असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन मिसळलेलं असतं त्या टाळाव्या लागतात. डायबेटिस असेल तर स्टेरॉइडच्या गोळीने साखर चढते. पूर्वी डिप्रेशन किंवा मनाचा कुठलाही त्रास झाला असेल तर मॉन्टेलुकास्टच्या आधी ते सांगणं फार गरजेचं आहे, कारण खाली येतं. प्रेग्नन्सी असेल, तिचा विचार चालू असेल, बाळ अंगावर पीत असेल तर तेही. यात लोराटाडिन आणि सेटिरिझिनचा अनुभव डॉक्टरांकडे बऱ्यापैकी आहे, म्हणून सहसा त्यातलं काहीतरी निवडतात, पण निवड त्यांनी करायची, आपण नाही.

आणखी एक जे कुणीच सांगत नाही: तुम्ही गाडी चालवता का, मशीनवर काम करता का, उंचीवर चढून काम करता का, परीक्षा जवळ आली आहे का. डॉक्टरांना हे कळलं तर एकाच गटातलं कमी झोप आणणारं औषध ते देऊ शकतात.

स्टेप ३: पहिला डोस कधी घ्यायचा

माझं सरळ मत आहे, कुठलंही अँटिहिस्टामिन पहिल्यांदा घेताना, डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नसेल तर, रात्री घरी असताना घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच गाडी घेऊन निघायचं नसेल असा दिवस बघा. कुणाला किती झोप येईल हे आधी सांगताच येत नाही. सेटिरिझिनला नव्या पिढीचं म्हणतात, "झोप न आणणारं" म्हणूनही खपवतात, पण १० एमजीच्या डोसवर प्रौढांच्या चाचण्यांत साधारण १४ टक्के लोकांना झोपाळलेपणा जाणवला, आणि नुसती औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत तो ६ टक्के होता. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण तुम्ही त्या बहुतेकांतलेच असाल याची खात्री नाही. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ पोचतच नाही म्हणून त्यात झोपेचा प्रश्न सगळ्यात कमी. लोराटाडिन, बिलास्टिनचंही तसंच बऱ्यापैकी. लिवोसेटिरिझिन मात्र सेटिरिझिनचंच भावंड आहे, त्यामुळे ते संध्याकाळी घ्यायला सांगतात.

जुन्या पिढीची औषधं सरळ मेंदूत शिरतात आणि त्यात फसवं काय आहे तर झोप येतेय असं न वाटतासुद्धा प्रतिक्रिया मंदावते. म्हणजे माणूस म्हणतो मी ठणठणीत आहे आणि ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागतो. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळीही राहू शकतो. यावर दारू, झोपेची गोळी, चिंतेवरची गोळी किंवा कोडीन-ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक पडलं तर गुंगी नुसती वाढत नाही, श्वाससुद्धा मंद होऊ शकतो, तेव्हा हे मिश्रण नकोच.

पाण्याचं आणि जेवणाचं पण एक गणित असतं. बिलास्टिन रिकाम्या पोटी घ्यायचं, खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर, फळांच्या रसाबरोबर घेतलं तर ते आतड्यात नीट शोषलंच जात नाही आणि मग लोक म्हणतात ही गोळी मला लागूच पडत नाही. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अ‍ॅसिडिटीचं औषध घेत असाल तर त्यात आणि फेक्सोफेनाडिनमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. रुपाटाडिनचं ग्रेपफ्रूटच्या रसाशी उलट भांडण आहे, तिथे औषध रक्तात जास्त चढतं. बाकीची बहुतेक अँटिहिस्टामिन्स कधीही चालतात.

स्टेप ४: दोन गोळ्यांत एकच औषध तर नाही ना

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीसाठी लिवोसेटिरिझिन दिलंय. चार दिवसांनी सर्दी झाली म्हणून घरातली सर्दीची गोळी घेतली, तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामिन आहे. रात्री खोकल्याचं सिरप घेतलं, त्यात डायफेनहायड्रामिन आहे. झाली की नाही तीन अँटिहिस्टामिन्स एका दिवसात, आणि माणसाला वाटतंय मी तीन वेगळ्या आजारांची तीन वेगळी औषधं घेतली. मग दुसऱ्या दिवशी तोंड कोरडं, डोकं जड, डोळ्यांपुढे धूसर, पोट साफ नाही, आणि दोष जातो "हवा बदलली" याच्यावर. त्यात वय सत्तरच्या पुढे असेल तर गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, रात्री बाथरूमला जाताना पडणं हे सगळं याच औषधांमुळे होऊ शकतं. म्हाताऱ्या माणसांना जुन्या पिढीची अँटिहिस्टामिन्स शक्यतो देऊ नयेत असं अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीच्या बीअर्स यादीत स्पष्ट आहे.

म्हणून नियम साधा आहे, अ‍ॅलर्जीचं औषध चालू असेपर्यंत सर्दी, खोकला, झोप, गाडी लागणं, खाज यापैकी कशासाठीही काही घेताना आधी बारीक नाव वाचायचं.

एक डोस विसरला तर? आठवला तेव्हा घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि अंगावर गांधी उठणाऱ्या काही पेशंटना डॉक्टर नव्या पिढीचं औषध नेहमीच्या डोसच्या चौपटीपर्यंत देतात हे खरं आहे, पण ते तपासून आणि लक्ष ठेवून दिलेलं असतं, कुणाला चार गोळ्या चालल्या म्हणून आपण चार घ्यायच्या असा त्याचा अर्थ नाही.

जाता जाता एक जुनी गोष्ट, कारण तिच्यामुळे "साधी गोळी" हा शब्द मला खटकतो. टर्फेनाडिन नावाचं अँटिहिस्टामिन एकेकाळी जगभर धडाक्यात खपत होतं, झोप येत नाही म्हणून लोक खूश. मग लक्षात आलं की केटोकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध किंवा एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत घेतलं की टर्फेनाडिन रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडवतं. १९९८ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून गेलं. शरीरात त्याचं रूपांतर होऊन जे बनायचं तेच आजचं फेक्सोफेनाडिन, तो हृदयाचा धोका नसलेलं. हायड्रॉक्सिझिनलाही हृदयाच्या लयीबद्दलचा इशारा आहे, युरोपात २०१५ पासून प्रौढांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १०० एमजी आणि वृद्धांना द्यावंच लागलं तर ५० एमजी अशी मर्यादा घातलेली आहे. तुम्हाला आधीपासून हृदयाच्या लयीचं औषध चालू असेल तर म्हणूनच ते सांगायचं.

स्टेप ५: मॉन्टेलुकास्ट असेल तर घरच्यांनाही सांगून ठेवा

हे अँटिहिस्टामिन नाही. दम्यासाठी आलेलं औषध, अ‍ॅलर्जीच्या सर्दीलाही देतात, आणि बऱ्याचदा लिवोसेटिरिझिनबरोबर एकाच गोळीत मिसळून येतं, म्हणून अनेकांना आपण ते घेतोय हेच माहीत नसतं.

बहुतेकांना यानं काही होत नाही, डोकं दुखणं, पोट दुखणं एवढ्यावर भागतं. पण काही जणांना वाईट स्वप्नं पडतात, झोप उडते, चिडचिड वाढते, माणूस उदास होतो, लहान मुलं अचानक आक्रमक होतात, आणि क्वचित जीव द्यायचे विचार येतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च २०२० मध्ये यावर त्यांचा सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा टाकला आणि सांगितलं की नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी हे औषध दुसऱ्या कशानेच भागत नसेल किंवा दुसरं सोसत नसेल तरच द्यावं. पूर्वी मनाचा आजार नसलेल्यांनाही हे झालेलं आहे, आणि औषध बंद केल्यावर बहुतेकांचं थांबलं तरी काहींचं नंतरही चालू राहिलं.

घरच्यांना सांगून ठेवायचं कारण असं की आपला स्वभाव बदललाय हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. जोडीदाराला, आईवडिलांना, रूममेटला सांगा की मी हे सुरू केलंय, वागण्यात फरक वाटला तर बोला. लहान मुलाच्या बाबतीत झोपेत ओरडून उठणं, शाळेतून तक्रार येणं, विनाकारण रडणं हे "वयच तसं आहे" म्हणून सोडू नका, औषध कधी सुरू झालं ती तारीख आणि बदल कधी दिसला ती तारीख शेजारी शेजारी लिहा. तसं काही दिसलं तर औषध थांबवा आणि लगेच डॉक्टरांशी बोला, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. जीव द्यायचे विचार येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका, थेट इमर्जन्सीत न्या. दम्यासाठी चालू असेल तर डॉक्टर त्याच्या जागी दुसरं काय द्यायचं ते ठरवतील.

आणि हो, दम्याचा अ‍ॅटॅक आलेला असताना मॉन्टेलुकास्टचा उपयोग नाही, तिथे तात्काळ काम करणारा इनहेलरच लागतो.

स्टेप ६: नाकाचा स्प्रे, जो जवळजवळ सगळे चुकीचा मारतात

स्टेरॉइडच्या स्प्रेबद्दल दोन तक्रारी कायम येतात, "काही फरक पडला नाही" आणि "नाकातून रक्त आलं". दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा मारण्याच्या पद्धतीत असतं.

आधी नाक हलकेच शिंकरून साफ करा. बाटली हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस वापरली नसेल तर हवेत काही वेळा दाबून फवारा एकसारखा येतोय ना बघा, किती वेळा ते कागदावर लिहिलेलं असतं. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. आता मुख्य गोष्ट, उजव्या नाकपुडीत मारताना बाटली डाव्या हातात धरा आणि डाव्या नाकपुडीत मारताना उजव्या हातात. हात असा उलटा धरला की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, म्हणजे साधारण त्याच बाजूच्या कानाकडे वळतं आणि मधल्या पडद्यावर फवारा बसत नाही. त्या पडद्यावर रोज औषध आपटत राहिलं तर तो कोरडा पडतो, खपली धरते, रक्त येतं, आणि क्वचित त्याला भोकही पडतं. दाबताना श्वास हळूच आत घ्या, जोरात ओढलात तर सगळं घशात जातं, कडू लागतं आणि नाकात काहीच राहत नाही. मारल्यावर लगेच नाक शिंकरायचं नाही.

फरक पडायला वेळ लागतो. थोडं बरं वाटायला एक-दोन दिवस, पूर्ण परिणाम दिसायला कधी कधी दोन आठवडे. कुंडीला रोज थोडं पाणी घालावं लागतं, महिन्यातून एकदा बादली ओतून चालत नाही, तसंच हे, त्रास झाला की चार वेळा मारायचं औषध हे नाही. स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात पण नाकाच्या स्प्रेतून शरीरात जाणारा अंश अगदी थोडा असतो, गोळीच्या स्टेरॉइडशी त्याची तुलना करू नका. तरी काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर डोळ्यांची तपासणी चालू ठेवा, आणि लहान मुलांना दीर्घकाळ द्यायचं असेल तर डॉक्टर उंचीवर लक्ष ठेवतात.

नाक मोकळं करणारे थेंब ही मात्र पूर्ण वेगळी भानगड आहे. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन घातलं की दोन-चार मिनिटांत नाक मोकळं होतं, इतकं छान वाटतं की माणूस त्याच्या प्रेमात पडतो. तीन दिवस, फार तर पाच दिवस, त्याच्या पुढे नाही. पुढे घालत राहिलं की थेंबांचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं, आणि अशी उशाखाली बाटली ठेवून वर्षानुवर्षं झोपणारी माणसं असतात. स्टेरॉइडचा स्प्रे रोज चालतो आणि हे थेंब रोज चालत नाहीत, दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, तेव्हा मार्करने एकीवर "रोज" आणि दुसरीवर "३ दिवस" असं लिहून टाका.

डोळ्यांचे अ‍ॅलर्जीचे थेंब असतील तर कॉन्टॅक्ट लेन्स काढून घाला आणि पुन्हा लावायला किमान १० मिनिटं थांबा. डोळ्यांच्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर ते संपल्यावर आपल्या मनाने दुसरी बाटली आणू नका, डोळ्यातला दाब वाढतो आणि तो वाढलेला कळत नाही.

स्टेप ७: गोळीचं किंवा इंजेक्शनचं स्टेरॉइड

याने इतकं पटकन बरं वाटतं की खरा धोका तोच आहे. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा तोच कोर्स, मग पुन्हा, असं सुरू होतं. थोड्या दिवसांच्या कोर्समध्येही साखर आणि बीपी वाढतं, झोप उडते, भूक खवळते, मूड वरखाली होतो, पोटात जळजळतं, म्हणून सकाळी खाऊन घ्यायला सांगतात. दीर्घकाळ घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, इन्फेक्शन लवकर होतात आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. म्हणूनच साधारण तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं स्टेरॉइड एकदम तोडायचं नसतं, डॉक्टर पायरीपायरीने कमी करतात.

क्रीमचंही लिहायला हवं. खाजेवर क्लोबेटासोलसारखं तगडं स्टेरॉइड असलेलं क्रीम लावलं की खाज दोन दिवसांत गायब, पण ती खाज अ‍ॅलर्जीची नसून गजकर्णाची असेल तर वरून बरं दिसतं आणि आत बुरशी पसरत जाते. चेहऱ्यावर आणि जांघेत तर असलं क्रीम डॉक्टरांना न विचारता लावूच नका, कातडी पातळ होते.

स्टेप ८: लहान मुलं

सिरप घरातल्या चमच्याने मोजायचं नाही, बाटलीबरोबर येणारं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा, चमच्याचमच्यात दुप्पट फरक असतो. डोस वय आणि वजनावर ठरतो म्हणून मोठ्या भावंडाचं उरलेलं सिरप धाकट्याला नको. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन अजिबात द्यायचं नाही, श्वास बंद पडण्याचा धोका आहे. प्रवासात मूल झोपावं म्हणून अ‍ॅलर्जीचं सिरप पाजणारे लोक आहेत, त्याबद्दल मी सभ्य भाषेत एवढंच म्हणेन की करू नका. शिवाय काही मुलं या औषधाने झोपत नाहीत, उलट सैरभैर होतात.

स्टेप ९: कधी थांबून धावायचं

थोडी सुस्ती, कोरडं तोंड, हलकी डोकेदुखी हे दोन-चार दिवस बघता येतं. पण लघवी अडकली, छातीत धडधड थांबेना, चक्कर येऊन पडलात, डोळा लाल होऊन दुखायला लागला आणि दिसायला धूसर झालं, बोलणं असंबद्ध झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि अ‍ॅलर्जीच्या औषधाचीच अ‍ॅलर्जी येऊ शकते, ऐकायला विचित्र वाटलं तरी. गोळी घेतल्यावर पुरळ वाढलं, ओठ सुजले तर पुढची गोळी नाही. हायड्रॉक्सिझिनने असं झालेलं असेल तर सेटिरिझिन आणि लिवोसेटिरिझिनही नको, कारण शरीरात हायड्रॉक्सिझिनचंच सेटिरिझिन बनतं.

घसा आवळणं, जीभ सुजणं, श्वासाला घरघर, अंगभर गांधी आणि त्याबरोबर उलट्या किंवा गळून जाणं, ही अंगभर उसळणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीची, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसची लक्षणं. इथे अँटिहिस्टामिनची गोळी देऊन वाट बघत बसणं ही जीवघेणी चूक आहे, ती गोळी फक्त खाज-गांधी कमी करते, श्वासनलिका उघडत नाही आणि घसरलेलं बीपी वर आणत नाही. औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन. तुम्हाला त्याचं पेन (स्वतःच टोचता येणारं तयार इंजेक्शन) लिहून दिलेलं असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, गरज पडली तर कपड्यांवरूनच, आणि पेनवर लिहिलेत तेवढे सेकंद दाबून ठेवायचं. मग अ‍ॅम्ब्युलन्स. माणसाला आडवं करून पाय वर, श्वास लागत असेल तर बसतं ठेवा, पण एकदम उभं करू नका आणि चालवू नका. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं पेन असेल तर ते. छाती धडधडेल, हात थरथरतील, घाबरल्यासारखं होईल, तो त्या औषधाचा परिणाम आहे आणि तो उतरतो. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत उलटू शकतात. बीपी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर अ‍ॅड्रेनालिन कमी लागू पडतं, म्हणून पेन लिहून घेतानाच डॉक्टरांना ते सांगा.

स्टेप १०: औषध बंद करताना

वर्षानुवर्षं रोज सेटिरिझिन किंवा लिवोसेटिरिझिन घेणारा माणूस एक दिवस ठरवतो की बास, आता बंद, आणि दोन-तीन दिवसांत अंगभर अशी खाज सुटते की पूर्वी कधी नव्हती. त्याला वाटतं अ‍ॅलर्जी वाढली, तो पुन्हा गोळी घेतो, खाज थांबते, आणि आयुष्यभर गोळी लागणार असा निष्कर्ष निघतो. एफडीएने मे २०२५ मध्ये नेमका याच खाजेबद्दल इशारा दिला. हे दुर्मीळ आहे, काही महिन्यांपासून अनेक वर्षं रोज घेणाऱ्यांत दिसलंय, आणि ती खाज बंद केल्यामुळे सुटलेली असते. डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू करून मग हळूहळू कमी केली तर काही जणांना सुटका मिळते. म्हणून दर काही महिन्यांनी विचारत राहा, मला ही अजून रोज लागते का.

अ‍ॅलर्जीची स्किन टेस्ट करायची असेल तर अँटिहिस्टामिन काही दिवस आधी बंद ठेवावं लागतं, साधारण तीन ते सात दिवस, नाहीतर टेस्ट खोटीच निगेटिव्ह येते. पण बंद करण्याआधी टेस्ट करणाऱ्यांनाच विचारा कुठलं आणि किती दिवस, दम्याची औषधं तर त्यांना न विचारता अजिबात थांबवू नका.

उरलेल्या गोळ्या पट्टीतच ठेवा, डबीत मोकळ्या करून नाही, मॉन्टेलुकास्ट उजेडाने आणि दमटपणाने खराब होतं. बाथरूमचं कपाट नको. अ‍ॅड्रेनालिनचं पेन फ्रिजमध्येही नको आणि उन्हात उभ्या गाडीतही नको, त्याच्या खिडकीतून दिसणारं पाणी गढूळ किंवा तपकिरी झालं असेल तर नवीन घ्या, आणि एक्सपायरीच्या महिनाभर आधीचं रिमाइंडर आजच मोबाइलमध्ये लावून टाका.